नव्याच्या सणाचा हलवा

माझी बायको ज्यू होती. कोल्हापुरात हे कुणाला सांगितलं की पुढचे दोन प्रश्न ठरलेले. पहिला, "म्हणजे ख्रिश्चन व्हय?" आणि दुसरा, "मग मटण चालतंय काय?" पहिल्याचं उत्तर ती द्यायची, न कंटाळता. दुसऱ्याचं मी द्यायचो. "चालतंय, पण तुमच्या हातचं न्हाय."

ती अलिबागकडची. त्यांच्या लोकांना बेने इस्रायल म्हणतात. कैक पिढ्या कोकणात राहिलेली माणसं. घाण्यावर तेल गाळायची आणि शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून गावं त्यांना शनवारतेली म्हणत. मराठी आमच्यापेक्षा साफ. नर्स म्हणून ती कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात लागली, आणि मी लेथवर उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट घालवून त्याच दवाखान्यात गेलतो. दोन महिने तिनं पट्टी बदलली. बोट काही वाचलं नाही, लग्न मात्र झालं. माझ्या घरच्यांनी आठ महिने तोंड फिरवलं, मग तिच्या हातची माशाची आमटी खाऊन गप्प बसले. तिच्या घरच्यांचं तसं होणार नव्हतं, कारण ते आमच्या घरात काही खातच नव्हते.

आता हे खाण्याचं जरा सांगितलं पाहिजे. त्यांच्यात दूध आणि मटण एकत्र चालत नाही. एका भांड्यात नाही, एका ताटात नाही, एका जेवणात नाही. मटण खाल्लं की पुढं कित्येक तास दुधाचा चहासुद्धा बंद. म्हणून जेवणावरचं गोड ते नारळाच्या दुधात करतात. संसार थाटला त्या आठवड्यात तिनं मला लाल आणि पांढरा रंग आणायला लावला आणि भांड्यांच्या कानांवर ठिपके काढायला लावले. लाल ठिपका मटणाचं, पांढरा ठिपका दुधाचं, बिनठिपक्याचं बाकी सगळ्याचं. ज्या गावात माणसं तांबडा आणि पांढरा रस्सा शेजारी शेजारी घेऊन वाट्यांवर वाट्या रिचवतात, त्या गावात माझ्या घरी तांबडं आणि पांढरं एका फळीवर राहत नव्हतं.

एकदा ती ड्यूटीवर असताना मी लाल ठिपक्याच्या पातेल्यात चहा केला. घासून, पुसून जागेवर ठेवलं. संध्याकाळी तिनं पातेलं नाकाशी नेलं.

"अहो, ह्यात चहा केला?"

"न्हाय."

"केला."

"किंचित केला."

पातेलं भंगारवाल्याकडं गेलं आणि आठ दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. चहासाठी नाही. पहिल्यांदा "न्हाय" म्हणालो त्यासाठी.

तिची थोरली बहीण म्हणजे आमच्या ताई. शाळेत बाई होत्या, आता ऐंशीला टेकल्यात. मला त्या पहिल्या दिवसापासून 'मिस्त्री' म्हणतात. बायको होती तोवर, एकेचाळीस वर्षांत, त्या आमच्याकडं चार वेळा आल्या. येताना पाण्याची बाटली, उकडलेली अंडी आणि केळी घरून घेऊन यायच्या. कोचाच्या अगदी कडेला बसायच्या, उठायला सोपं जावं म्हणून. आमच्या घरातलं त्यांनी खाल्लं ते एकदाच, एक संत्रं, तेही स्वतः सोलून. बायको त्यांना स्वयंपाकघरात नेऊन एकेक भांडं दाखवायची, ठिपके दाखवायची. ताई म्हणायच्या, "तुझ्यावर माझा विश्वास आहे गं. पण तू ड्यूटीला गेल्यावर इथं काय होतं ते तुला तरी कुठं माहीत?" हे माझ्याकडं बघून म्हणायच्या. मी छताकडं बघायचो.

बायको गेल्या हिवाळ्यात गेली. शेवटचे दिवस तिच्याच दवाखान्यात होती. मागितलं तर काही नाही, एवढंच म्हणाली, "ताई एकदा आपल्यात जेवली असती तर बरं झालं असतं." मी म्हटलं, तुझी ताई हट्टी हाय. "माझीच बहीण," म्हणाली, आणि हसली. दोन दिवसांनी गेली.

तिला तिच्या गावाकडं, समुद्राजवळच्या त्यांच्या कबरस्तानात नेलं. माणसं पांगल्यावर ताई ओल्या मातीशी उभ्या होत्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "नव्याच्या सणाला मी येते. तिच्या घरी."

नव्याचा सण म्हणजे त्यांचं नवीन वर्ष. त्यांच्या जुन्या माणसांत सणांची नावं अशीच सरळ. एक खिरीचा सण, एक बिरड्याचा सण. मला ही पद्धत आवडते, काय शिजणार हे नावातच कळतं. हा नव्याचा सण येतो बहुतेक पितृपक्षाच्या शेवटाला. गल्लीत सगळे गच्चीवर घास ठेवून कावळ्याला हाका मारतायत, आणि आमच्या घरात नवीन वर्ष. शेजाऱ्यांना हे एवढ्या वर्षांत पचलेलं नाही. कुणी म्हणायचं, "सिस्टर, पंधरवडा संपू द्या की, मग करा." गल्ली तिला सिस्टर म्हणायची. ती म्हणायची, "आमचा देव आमच्या घड्याळानं चालतो."

तर सणाच्या पाच दिवस आधी ताईंचा फोन आला.

"मिस्त्री, मटण मी आणते. आमच्याकडचं, रीतीप्रमाणे कापलेलं. तुमच्याकडं येऊन मीच शिजवीन. हलवा तुम्ही करा. ती म्हणायची, हलवा तुम्ही दोघं मिळून करता."

"व्हय," म्हणालो मी.

आता दोघं मिळून म्हणजे काय, तर ती सगळं करायची आणि मी ढवळायचो. पण ताई मटण आणणार, शिजवणार, म्हणजे जेवणारच. एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. मग मी कुठल्या तोंडानं सांगणार, की मला फक्त ढवळता येतं?

हा हलवा गव्हाच्या चिकाचा. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटायचे, फडक्यातून पिळायचे. खाली पांढराशुभ्र चीक बसतो, आपल्यात कुरडयांना काढतात तसाच. तो चीक, नारळाचं दूध आणि साखर एकत्र करून मंद आचेवर ढवळत राहायचं. तासभर. घट्ट झाला की वेलदोडा घालून परातीत थापायचा, वर बदाम, मग वड्या. ऐकायला सोपं आहे. लेथ पण ऐकायला सोपा आहे.

पहिला घाणा मी एकट्यानं केला. गहू दीडच दिवस भिजवले, कारण दुसऱ्या दिवशी वासानं मला वाटलं, नासले. पाणी किती, चीक किती, कुठं लिहिलेलं नव्हतं. तासाभरात पातेल्यात गोट्या झाल्या. मी जोर लावला तसा उलथन्याचा दांडा वाकला. खाऊन बघितलं तर गोड खळ. आमच्या शेजारच्या वहिनींच्या गोठ्यात तीन म्हशी आहेत. मी पातेलं तिकडं नेलं. पहिल्या म्हशीनं वास घेतला आणि माझ्याकडं असं बघितलं, की मी दुसरीला विचारलंच नाही.

वहिनी धारा काढत होत्या. "काय वो भावजी, सिमेंट कालवलंय व्हय?"

मी सगळं सांगितलं. सण, ताई, हलवा, बायको काय बोलून गेली ते. वहिनींनी बादली बाजूला सरकवली, पदरानं नाक पुसलं आणि म्हणाल्या, "मला आदी सांगायला तोंड न्हवतं? चीक काढायचं मला शिकवाय लागतंय? दर वर्साला वीस किलोच्या कुरडया घालते मी."

गहू पुन्हा भिजवले. तीन दिवस बाकी होते, बरोबर पुरले. सणाच्या दिवशी सकाळी वहिनी आल्या, चीक पिळला, निवळ वरून ओतून दिली. मी सहा नारळ खवले. चार बोटांच्या हातानं नारळ खवणं म्हणजे काय ते खवणाऱ्यालाच माहीत. वाटून, पिळून पातेलीभर दूध काढलं. वहिनी पातेलीत वाकून बघत होत्या.

"ह्यात करायचा?"

"ह्यातच."

"दूध न्हाय घालायचं?"

"हेच दूध."

"हे पाणी हाय भावजी. नारळाचं पाणी."

"वहिनी, त्यांच्यात मटणाच्या जेवणावर दुधाचं चालत न्हाय. एक थेंब न्हाय."

"बरं बाई," म्हणाल्या. बरं बाई म्हणजे पटलं, असं मी धरलं. एवढ्या वर्षांचा शेजार असून मला हे कळायला पाहिजे होतं, की आमच्या वहिनींना पटलं की त्या "व्हय" म्हणतात आणि पटलं नाही की "बरं बाई."

मोठं बिनठिपक्याचं पातेलं काढलं. चीक, साखर मोजून ठेवली. बाराच्या सुमारास ताईंच्या मुलाचा फोन आला, गाडी गावात शिरलीय, गल्ली सापडत नाही. हा मुलगा पण पंचावन्नचा आहे आणि दिवसाला दहा वाक्यं बोलतो, त्यातलं एक फोनवर खर्च झालं होतं. गाडी आमच्या गल्लीत शिरत नाही, चौकात लावावी लागते. मी म्हटलं, वहिनी, एवढं चुलीवर चढवा आणि ढवळत राहा, मी आलोच.

आलोच म्हणता सव्वा तास गेला. ते भलत्याच चौकात थांबले होते. तिथनं त्यांना आणलं, गाडी लावायला जागा शोधली, बर्फाचा डबा उचलला, ताईंना धरून हळूहळू चालवत आणलं. ताई वाटेत दोनदा थांबल्या. एकदा दमल्या म्हणून आणि एकदा एका गच्चीवर कावळ्याला हाका मारणारा माणूस बघायला.

"हे काय चाललंय?"

"त्याच्या बापाला जेवायला बोलावतोय."

"येतो का?"

"कधी कधी लई वाट बघाय लावतोय."

"बाप असेल तसाच," म्हणाल्या.

दारातच घमघमाट आला. असा वास माझ्या घराला बायको गेल्यापासून आला नव्हता. ताई उंबऱ्यात थांबल्या, डोळे मिटले. कोचावर बसल्या, आणि ह्या वेळी कडेला नाही, पार मागं टेकून. हातात पिशवी नव्हती. बाटली नाही, अंडी नाहीत, केळी नाहीत.

मी आत गेलो. हलवा परातीत थापून झालेला. पांढरा, तुकतुकीत, वर बदामाचे काप. वहिनी पदरानं घाम पुसत होत्या आणि चेहऱ्यावर असा भाव, की त्यांची म्हैस प्रदर्शनात पहिली आली आहे.

"बघा भावजी. आता ह्याला म्हणायचं हलवा."

"लई भारी झालाय."

"हुणारच की. दोन लिटर वतलं. सायीसकट."

"काय वतलं?"

"दूध! नारळाच्या पाण्यात कुठं हलवा हुतोय व्हय? सिस्टरच्या नावाचं गोड, पहिला सण, तिची बहीण एवढ्या लांबनं आलीय, आणि तिला पाण्यातलं घालायचं? मला न्हाय पटलं."

"आणि नारळाचं दूध?"

"म्हशीला घातलं. तिनं आवडीनं पिलं."

बाहेर ताई मुलाला सांगत होत्या, डबा उघड, बर्फ वितळला का बघ. मटण आत येणार, शिजणार, जेवण होणार आणि त्यावर हा हलवा. मी वहिनींना हलक्या आवाजात समजावलं, की काय झालंय. त्यांचा चेहरा उतरला, पण क्षणभरच.

"मग बोलू नका की," कुजबुजल्या. "कुणाला कळतंय? दिसायला ह्यो पांढरा, त्यो पांढरा. मी मेल्यावर बी सांगणार न्हाय."

खरं सांगतो, मी विचार केला. चांगला दोन मिनिटं केला. हलवा दिसायला तसाच होता. ताईंना कळलं नसतं, त्या जेवल्या असत्या, बायकोचं एवढं एक मागणं पुरं झालं असतं आणि मी रात्री तिच्या फोटोला सांगितलं असतं, बघ, जेवली तुझी ताई. आणि हे सांगितलं, तर ताई केळी शोधायला पाठवणार, हेही मला दिसत होतं. आणि ह्या वयात त्या पुन्हा एवढ्या लांब येणार नाहीत, हेही.

पण मग मी ते सांगताना बायकोचा चेहरा डोळ्यांसमोर आणून बघितला. तिनं पातेलं नाकाशी नेलं असतं.

मी परात उचलली आणि बाहेर नेली. ताईंच्या समोर टीपॉयवर ठेवली.

"ताई, ह्यात म्हशीचं दूध हाय. दोन लिटर. चूक माझी हाय. मी जवळ थांबाय पाहिजे होतं."

मुलानं डब्याचं झाकण परत लावलं. स्वयंपाकघराच्या दारातनं वहिनी बाहेर आल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "त्यांची काय चूक न्हाय. मी घातलं. मला काय बोलायचं ते बोला."

ताईंनी त्यांच्याकडं चष्म्याच्या वरून बघितलं. शाळेतल्या बाई बघतात तसं.

"किती म्हणालात?"

"दोन लिटर."

"म्हशीचं?"

"मग? पावण्यांना गाईचं घालू व्हय?"

ताईंचं तोंड हललं. मला वाटलं, आता उठतात. त्या हसत होत्या. आवाज न करता, खांदे हलवत, बायको हसायची अगदी तसं. मला ते बघवेना, मी बर्फाच्या डब्याकडं बघत बसलो.

हसून झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला.

"मिस्त्री, मी इथं का जेवत नव्हते, माहीत आहे?"

"माझ्या हातचं नको म्हणून."

"तुमच्या हातचं काय, चूक कुणाच्याही हातून होते. आमच्याकडं पण होते. मला भीती होती, की चूक झाली तर मला कुणी सांगणार नाही. लाजेनं म्हणा, जेवावी म्हणून म्हणा. तीसुद्धा तुम्हाला सांभाळून घेईल, अशी मला भीती होती." मग जरा थांबून म्हणाल्या, "चहाच्या पातेल्याचं तिनं मला पत्रात कळवलं होतं."

एवढी वर्षं मी छताकडं बघत होतो ते फुकट.

"मटण कच्चं आहे अजून," ताई म्हणाल्या. "मटणावर दूध चालत नाही. दुधावर मटण चालतं, तोंड धुतलं आणि जरा वेळ थांबलं की झालं. तेव्हा हलवा आत्ता खायचा. सण सूर्य मावळल्यावर लागतो, तोवर माझं मटण शिजेल. फक्त रीत उलटी होईल. जेवणाआधी गोड."

"आमच्यात पोरं तसंच करत्यात," वहिनी म्हणाल्या.

"हो, तर आज आपण पोरं."

मी कागदी ताटल्या आणल्या. ताईंनी हिब्रूत काहीतरी पुटपुटलं, मग हलव्याची एक वडी उचलली आणि खाल्ली. माझ्या घरात. मी त्यांच्या जबड्याकडं बघत होतो, हे त्यांना दिसत होतं, पण त्यांनी घाई केली नाही. सावकाश चावून गिळलं.

"चांगला आहे," म्हणाल्या. "तिच्यासारखा नाही."

"न्हाय," म्हटलं मी. "तिच्यासारखा न्हाय."

"तिचा जरा दाताला चिकटायचा."

"चिकटायचा."

ताईंनी दुसरी वडी घेतली. मुलानं चौथी घेतली. वहिनींना राहवेना. "पण माझा ब्येस हाय का न्हाय, त्ये सांगा की!"

"बेस्ट आहे," मुलगा म्हणाला. तेवढं एकच बोलला, पण वहिनींनी ते संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला सांगितलं.

चुळा भरून झाल्यावर ताई बायकोच्या स्वयंपाकघरात गेल्या. लाल ठिपक्याचं पातेलं मी काढून दिलं. त्यांनी ते वास घेऊन बघितलं, माझ्यासमोरच, आणि माझ्याकडं बघून मान हलवली. मटण त्यांनी हिरव्या मसाल्यात आणि नारळाच्या दुधात घातलं. नारळ पुन्हा मलाच खवायला लागले. मी दोनदा म्हटलं, ताई, एक चमचा कांदा-लसणाची चटणी टाका की, कोल्हापुरात हाय आपण. त्या म्हणाल्या, "मिस्त्री, तुम्ही बाहेर बसा." वहिनी दारात उभ्या राहून वास घेत होत्या. पंधरवड्यात त्यांना मटण चालत नाही, आणि त्याचा तो शेवटचा दिवस होता. त्या म्हणाल्या, "माझं मेलीचं नशीब बघा. दूध माझं, चीक माझा, आणि मटणाच्या वक्ताला उपाशी मी."

"उद्या उरलं तर देते," ताई म्हणाल्या.

"उरू द्या," वहिनी म्हणाल्या, पण ते माझ्याकडं बघून.

दिवेलागणीला ताईंनी दोन मेणबत्त्या लावल्या. सफरचंदाची फोड मधात बुडवून सगळ्यांना दिली. मग आम्ही जेवलो. मी पहिला घास घेतला आणि मला चटणीची आठवण झाली, पण ह्या वेळी बोललो नाही. ताईंनी भात दोनदा घेतला. रस्सा वाटीनं वरून घेतला. हाडूक हातात धरून चोखलं, ऐंशीच्या बाईनं. मी काय खाल्लं मला आठवत नाही.

जेवण झाल्यावर त्या स्वतःचं ताट उचलायला लागल्या. मी म्हटलं, "ठेवा ताई. आमच्यात पावण्यानं ताट उचलायचं नसतंय."

"पावणी कोण हाय हितं?" ताई म्हणाल्या. आमच्या बोलीत म्हणाल्या, वहिनींचा आवाज काढून, आणि ताट घेऊन आत मोरीकडं गेल्या.

मी थोडा वेळ तसाच पाटावर बसून राहिलो. आत नळ सोडल्याचा आवाज आला, भांड्याला भांडं लागल्याचा आवाज आला. मग ताईंनी आतनं हाक मारली.

"मिस्त्री, रडून झालं असेल तर या. पुसायला कोण येणार?"